मागच्या सीटचा मताधिकार

दुचाकीवर दोन माणसं बसतात, पण खड्डा दोघांच्या वाट्याला सारखा येत नाही. पुढच्याला तो आधी दिसतो आणि मग लागतो. मागच्याला तो लागतो, दिसत कधीच नाही. पुढच्याच्या हातात हँडल असतं, पायाखाली ब्रेक असतो, डोळ्यांपुढे रस्ता असतो आणि डोक्यात गाडीचं सगळं शास्त्र असतं, निदान तशी त्याची समजूत असते. मागच्याच्या हातात बहुधा भाजीची पिशवी असते. असं असूनही गाडीचा मागचा शॉकअप किती कडक असावा, त्यात कोणतं तेल पडावं, तो कधी बदलावा आणि कधी 'अजून वर्षभर चालेल' म्हणून ढकलावा, हे सगळं पुढचा ठरवतो. ज्याच्या पाठीच्या कण्यावर हा प्रयोग व्हायचा असतो त्याला गॅरेजात नेतसुद्धा नाहीत. नेलंच, तर बाहेरच्या बाकड्यावर बसवतात. प्रस्तुत लेखाचं म्हणणं एवढंच आहे की, मोठे गचके सोसता यावेत म्हणून गाडीच्या मागच्या भागात जो काही फेरफार करायचा तो मागच्या सीटच्या संमतीनेच व्हावा. हे म्हणणं दयेपोटी केलेलं नाही. त्याच्या बाजूने भूमिती आहे, स्प्रिंगचा स्वभाव आहे आणि खडकी आहे.

खडकीच का, असं कोणी विचारेल. एक तर नावातच खडक आहे, तेव्हा गुळगुळीत प्रवासाची अपेक्षा धरणं हा आपलाच भोळेपणा. दुसरं म्हणजे इथल्या जमिनीने स्वारांना दिलेला दगा इतिहासात नोंदलेला आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई इथे झाली. बापू गोखल्यांच्या घोडदळाने इंग्रजांच्या रांगेवर चाल केली, आणि चाल ऐन भरात असताना समोर दलदल निघाली. घोडे फसले, हल्ल्याचा जोर मोडला, आणि दुसरे बाजीराव हे पर्वतीवरून पाहत होते. लढाई हातची का गेली याची कारणं इतिहासकार बरीच देतात आणि ती सगळी खरी असतील. पण दुचाकीस्वाराला त्यातलं एकच चटकन पटतं, ते म्हणजे पुढे काय आहे ते दिसलं नाही. त्या वेळचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन. त्याच्या नावाचा रस्ता आजही खडकीत आहे. दलदलीचं नाव मात्र कोणत्याच रस्त्याला दिलेलं नाही. कोणत्या रस्त्याला द्यावं यावर एकमत होणार नाही, हे कारण असावं.

तिसरं कारण असं की, सस्पेन्शन या विषयात खडकीइतकं मुरलेलं गाव महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. सस्पेन्शनला मराठीत निलंबन म्हणतात, आणि सरकारी निलंबनासारखंच तेही काही काळ खाली-वर होऊन अखेर मूळ जागी परत येतं. खडकीत लष्कराचा सेंट्रल आर्मर्ड फायटिंग व्हेइकल डेपो आहे, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. म्हणजे रस्ता नसतानाही चालणाऱ्या वाहनांची उठबस इथली. आणि इथेच बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. म्हणजे रस्ता नसेल तिथे तो करणाऱ्यांचं घरही इथलंच. या दोन्ही विद्यांच्या मधल्या पट्टीतून खडकीकर नागरिक आपली स्कूटर किंवा मोटरसायकल घेऊन डबलसीट जातो. शिवाय खडकीला कॅन्टोन्मेंट आहे, शेजारची बोपोडी पुणे महापालिकेत आणि हॅरिस पूल ओलांडला की लागणारी दापोडी पिंपरी-चिंचवडमध्ये. दोन-चार किलोमीटरच्या फेरीत तीन हद्दी होतात. हद्द कुठे बदलली ते पुढच्याला पाटी वाचून कळतं. मागच्याला पाटीची गरज पडत नाही.

आता जरा बर्फात जाऊ, कारण मागच्या सस्पेन्शनवर पोटतिडकीने विचार करणारी जमात तिथे राहते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' नावाची बर्फावरची गाडी बाजारात आणली. पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, अशी ही स्नोमोबाइल. गुलमर्गला जाऊन आलेल्या मंडळींच्या फोटोत ती हमखास असते. तिचं मागचं सस्पेन्शन त्या पट्ट्याच्या पोटात दडलेलं असतं: लांब रूळ, पिळाच्या स्प्रिंगा, बहुधा दोन शॉकअप, आणि पुढचा भाग किती उचलू द्यायचा हे ठरवणारा एक साधा पट्टा. खडकीतल्या रणगाड्यांशी तिचं नातं सख्ख्या चुलत भावंडाचं आहे. टी-७२ रणगाड्याची रचना पाहा. एकेका बाजूला सहा चाकं, आणि प्रत्येक चाकामागे तळातून आडवा गेलेला पोलादी दांडा; चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि गचका पिऊन टाकतो. पण बर्फाच्या मुलखातली गंमत वेगळीच. तिथले उंचवटे बरेचसे त्या गाड्यांनीच तयार केलेले असतात. एक गाडी उसळते, जिथे आपटते तिथे खळगा पाडते, मागची त्यात उसळते आणि तो खोल करते. महिनाभरात वाटेची वळकटी होते. मग जो तो आपल्या गाडीचं मागचं सस्पेन्शन बदलायला घेतो: कोणी जाड स्प्रिंग लावतो, कोणी पट्टा आवळतो, कोणी शॉकअप खोलून आतले पडदे बदलतो. मेहनत अफाट, पण तिला एक पाया आहे. त्या गाडीवर बहुतेक वेळा एकच माणूस बसतो. पाना ज्याच्या हातात, कंबरही त्याचीच. दुपारी चुकीचा पेच फिरवला तर संध्याकाळी शेक त्यालाच घ्यावा लागतो. आपल्याकडे पाना पुढच्याच्या हातात आणि कंबर मागच्याची. बर्फातला न्याय खडकीत लागू होत नाही तो इथे.

आता भूमिती. गाडी स्पीडब्रेकरवरून जाते तेव्हा आधी पुढचं चाक चढतं, मग मागचं. मागचं चाक दहा सेंटिमीटर चढलं आणि शॉकअपने काहीच केलं नाही असं धरा. दोन चाकांच्या मधोमध बसलेला माणूस तेव्हा पाच सेंटिमीटर उचलला जाईल. चालक मध्याच्या थोडा मागे असतो, म्हणून त्याला सहा-सात मिळतात. मागे बसणारा जवळपास मागच्या चाकावरच बसलेला असतो, त्याला पूर्ण दहा मिळतात. आणि तो सीटच्या टोकाला, चाकाच्याही मागे सरकलेला असेल तर दहापेक्षा थोडे जास्तच, वर फुकट. सी-सॉच्या टोकाला बसलेल्या पोराला ही भूमिती पुस्तकाशिवाय ठाऊक असते. त्यातून चालकाला तीन सवलती आहेत. त्याला उंचवटा दिसतो, त्याचे हात हँडलवर टेकलेले असतात, आणि ऐन वेळी तो फूटरेस्टवर पाय रोवून सीटवरून जरासा उठतो. रिकिबीत उभं राहून घोड्याचा धक्का पायांवर झेलायची ही जुनी युक्ती आहे. मागे एका बाजूला पाय सोडून, एक हात पिशवीत आणि एक पदरावर ठेवून बसलेल्या व्यक्तीला रिकीब कुठली? तेव्हा वजन, उंची आणि अज्ञान या तिन्ही बाबतींत मागचं सस्पेन्शन हे खरोखर मागच्याचं सस्पेन्शन आहे. पुढच्याला त्याचा उपयोग होतो तो शेजारच्या घरातल्या पंख्याचा होतो तेवढाच.

मग गॅरेजात काय घडतं? पुढचा जातो आणि सांगतो, "मागचा शॉकअप बसलाय, जरा हार्ड करून द्या." या वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या दोन्ही आपल्या स्वभावातून आल्या आहेत. पहिली चूक यांत्रिक. शॉकअपच्या बुडाशी खाचांचं एक कडं असतं, बहुधा पाच पायऱ्यांचं. गॅरेजवाला पान्याने ते दोन खाचा फिरवतो आणि पुढचा खूश होतो की स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंग कडक होत नाही. ती होती तेवढीच राहते. फक्त ती आधीपासून दाबून ठेवली जाते, म्हणून गाडीची मागची बाजू थोडी उचलून धरली जाते. दोघं बसल्यावर गाडी फार खाली बसत असेल तर हे कडं फिरवणं योग्यच आहे, कारण खाली बसलेल्या गाडीला उंचवट्यावर आणखी दबायला जागाच उरत नाही. पण एकट्याने फिरताना ते कडं पाचव्या खाचेवर ठेवलं तर छोट्या गचक्यांना स्प्रिंग दादच देत नाही, कारण ती आधीच भरल्या पोटी बसलेली असते. दुसरी चूक मानसिक. 'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या अभिमानाने ऐकतो की, वाकणं हा ज्या वस्तूचा धर्म आहे त्या स्प्रिंगकडूनही आपण तीच अपेक्षा धरतो. स्प्रिंगचं ब्रीद नेमकं उलटं आहे. ती वाकते म्हणून मोडत नाही, आणि ती वाकत नाही तेव्हा दुसरं कोणीतरी मोडतं. ते दुसरं कोणीतरी मागे बसलेलं असतं.

याचा हिशेब कोणालाही करता येईल. साठ किलोचं माणूस दहा सेंटिमीटर उंचीवरून खाली आलं. त्याला थांबवायला आणखी दहा सेंटिमीटर जागा दिली, तर थांबताना त्याच्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे १२० किलोचा भार येतो. पाच सेंटिमीटर जागा दिली तर तिप्पट, १८० किलो. आणि शॉकअप 'हार्ड' करून एकच सेंटिमीटर जागा ठेवली तर अकरा पट, ६६० किलो. माणूस तेच, उंची तीच, खड्डाही तोच. बदलली ती फक्त थांबायची जागा. मोठ्या उंचवट्यांसाठी लागणारं औषध म्हणून कडकपणात नाही, हालचालीच्या लांबीत आहे. बर्फातल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन एक फुटापेक्षा जास्त हलतं ते उगीच नाही. आपल्याकडेही वाईट रस्त्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला २०१६ मध्ये मागे १८० मिलिमीटर हालचाल दिली गेली. रोज ऑफिसला नेणाऱ्या साध्या गाडीला ती साधारण याच्या निम्मी असते. ज्यांना हे गणित पटत नाही त्यांनी पालखीची दांडी आठवावी. लांब, लवचीक आणि भोयांच्या खांद्यावर झुलणारी. ती ताठ लोखंडी पहारीची केली असती तर आतला मानकरी दुसऱ्याच मुक्कामाला चालत निघाला असता.

तरीही लोक कडकपणाच का मागतात? मला वाटतं, याचं उत्तर आवाजात आहे. शॉकअप मऊ असेल आणि उंचवटा मोठा असेल, तर हालचाल संपते, टायर मडगार्डला घासतो आणि 'खट्' असा आवाज येतो. तो आवाज पुढच्याला ऐकू येतो, त्याच्या काळजाला लागतो, आणि त्याला गाडीची किंमत, राहिलेले हप्ते आणि विम्यातली कलमं एका क्षणात आठवतात. मणक्याचा मात्र आवाज येत नाही. म्हणजे आपण शॉकअप लावून घेतो तो आवाज बंद व्हावा म्हणून, आणि आवाज बंद झाला की गचका संपला असं समजतो. घराघरांत भांडणं मिटवायची पद्धतही हीच असल्यामुळे ती गाडीला लावताना कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही. तेलाचीही तीच गत. शॉकअपच्या आत तेल असतं. स्प्रिंगने साठवलेला जोर ते बारीक भोकांतून जाता जाता उष्णतेत घालवतं, नाहीतर गाडी होडीसारखी डुलत राहील. सील गेलं की तेल गळतं आणि गाडी डुलू लागते. तेव्हा कोणी सुचवतो, की जाड तेल टाका, एकदम घट्ट बसेल. बसते खरी, पण उठत नाही. ओळीने आठ-दहा रम्बलर पट्ट्या लागल्या, की पहिल्या पट्टीवर दबलेलं सस्पेन्शन उठायच्या आत दुसरी येते, मग तिसरी. आणि शेवटच्या पट्टीपर्यंत ते तळाला जाऊन बसलेलं असतं. म्हणजे शॉकअप आहे, तेल आहे, बिलही दिलेलं आहे, आणि तरी मागचा माणूस थेट लोखंडावर.

आता आक्षेप. पहिला आक्षेप पुढच्याचा असतो: शॉकअप मऊ ठेवला तर गाडी वळणावर डगमगते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. अ‍ॅव्हरेजचा शॉकअपशी सांगण्यासारखा संबंध नाही; तो टायरमधल्या हवेशी आहे. पण म्हणूनच काही जण अ‍ॅव्हरेजसाठी कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरतात, आणि गाडीची सगळ्यात पहिली व सगळ्यात स्वस्त स्प्रिंग, म्हणजे टायर, आपल्या हाताने दगडाचा करून घेतात. पेट्रोलमध्ये वाचलेले पैसे मग कंबरेच्या मलमात जातात, पण ते वेगळ्या खात्यावर पडतात म्हणून त्यांची बेरीज कोणी करत नाही. डगमगण्याचं म्हणाल, तर ते मऊ स्प्रिंगपेक्षा गेलेल्या तेलामुळे आणि झिजलेल्या बुशांमुळे जास्त होतं. उलट फार कडक मागचं चाक खडबडीत वळणावर उड्या मारतं, आणि हवेतल्या टायरला पकड नसते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय खडकी बाजाराच्या गर्दीत ज्या वेगाने वळणं घेतली जातात त्या वेगाला शर्यतीच्या सस्पेन्शनची गरज आहे असं म्हणणं म्हणजे वरणभाताला सुरीकाटा मागणं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: गाडी कशाला बदलता, रस्ता सुधारा. चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला? हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे, आणि मान्य असलेल्या निम्म्याला आकडेही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. त्या वेगाने तो चढायला चाकाला सेकंदाचा पाव भाग मिळतो, आणि बसणारा धक्का सरासरीने सात मिलिमीटरवरून खाली टेकण्याइतका असतो. पाटावरून उठून पुन्हा बसावं त्याहूनही कमी. आता तेवढ्याच उंचीचा, पण चाळीस सेंटिमीटर रुंदीचा, रातोरात उगवलेला गल्लीतला वरवंटा घ्या. त्याच वेगाने त्यावर गेलात तर धक्का साठ सेंटिमीटरवरून पडण्याइतका, म्हणजे स्टुलावरून. उंची सारखी, फरक फक्त पसरटपणाचा. तेव्हा रस्ता सुधारायलाच हवा, यात वाद नाही. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग असा गृहीत धरतो की, रस्ता सुधारेपर्यंत मागच्याने वाट पाहावी. १८१७ ची दलदल बुजायलाही काही काळ गेलाच असेल. तोवर घोडदळ तिथेच उभं राहिलं नाही. रस्ता हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि शॉकअप खासगी. खासगी प्रश्न सुटला म्हणून सार्वजनिक मागणी सोडायची नसते, हे आपण नळाला फिल्टर बसवूनही पाणीपुरवठ्यावर बोलत राहतो त्यावरून सिद्ध आहे.

तिसरा आक्षेप नीतिमत्तेचा: हळू चालवा, म्हणजे शॉकअपचा प्रश्नच येणार नाही. हे तर शंभर टक्के खरं आहे. वेग दुप्पट केला तर त्याच उंचवट्यावर शॉकअपला पचवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि निम्मा केला तर पावपट. सल्ला उत्तम, फक्त तो मागच्याला देऊन उपयोग नाही, कारण ॲक्सिलरेटर त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे वेगनियंत्रणाचं एकच साधन आहे आणि ते म्हणजे 'अहो'. हल्ली पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या बायका आणि मागे बसणारे नवरे हे दृश्य सर्रास दिसतं, त्यामुळे 'अहो'च्या जागी 'अगं'ही वापरात आहे. साधन तेच, परिणामही बेताचाच. फरक पडतो तो दुसऱ्याच बाबतीत. वर्षानुवर्षं पुढे बसून 'काही लागत नाही एवढं' म्हणणारा गृहस्थ एकदा मागे बसून बोपोडीपर्यंत गेला की, सस्पेन्शन हा विषय त्याला आपोआप समजू लागतो. जागा बदलल्याने ज्ञान होतं, हे तत्त्वज्ञान म्हणून जुनं आहे. त्याला फक्त वाहन मिळालं.

चौथा आक्षेप सगळ्यात उद्धट आणि म्हणून सगळ्यात प्रामाणिक: मागे बसणाऱ्याला गाडीतलं काय कळतं? डॅम्पिंग म्हणजे काय, चिमटा कुठे असतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याचं मत कसलं घ्यायचं? पण चपलेत खिळा आहे हे सांगायला चांभारकाम यावं लागत नाही. कंपनांचा माणसावर होणारा परिणाम मोजण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार बसलेलं माणूस उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या कंपनांना सगळ्यात हळवं असतं. म्हणून वाहनं बनवणारे आसनावर संवेदक ठेवून मोजमाप करतात. असा संवेदक महाग असतो, त्याला वायरी लागतात, आणि आकडे वाचायला इंजिनिअर लागतो. मागच्या सीटवरचा संवेदक फुकट आहे, गाडीसोबतच येतो आणि थेट मराठीत निकाल देतो. आखूड 'अहो' म्हणजे उंचवटा पाच सेंटिमीटरच्या आत. लांबलेला 'अहोऽऽ' म्हणजे दहाच्या पुढे. खांद्यावर चापटी म्हणजे हालचाल संपून रबरी ठोकळ्यापर्यंत गाडी गेली. 'थांबवा, मी रिक्षाने येते' म्हणजे सील गेलं आहे आणि आता पैसे खर्च करायला हवेत. सगळ्यात फसवी नोंद शांततेची. तिचे दोन अर्थ होतात: सस्पेन्शन उत्तम आहे, किंवा मागे कोणी नाही. अनुभवी चालक या दोन्हींत गल्लत करत नाही, नवखा करतो.

तेव्हा करायचं काय? खर्चिक काहीच नाही. गाडी सरळ उभी धरून मागच्या चाकाच्या आसापासून सीटच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. आधी रिकामी गाडी स्टँडवर, चाक अधांतरी. मग नेहमीची दोघं बसलेली, नेहमीच्या पिशव्यांसकट. दोन्हींतला फरक एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा. म्हणजे खड्ड्यात चाक खाली लोंबायला एक हिस्सा उरतो आणि उंचवट्यावर वर दबायला दोन. फरक जास्त असेल तर कडं एक खाच पुढे, कमी असेल तर एक खाच मागे; प्रत्येक खाचेनंतर तोच स्पीडब्रेकर, तोच वेग आणि मागच्याचं मत. हवा कंपनीने सांगितली तेवढीच. बुश झिजले असतील तर बुश, सील गेलं असेल तर सील, आणि शॉकअप बदलायचाच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेला. मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि शेजारच्याने लावलेला लाल डबेवाला शॉकअप आपल्या गाडीला शोभतो एवढ्याने तो लागू पडतो असं नाही. मताधिकाराला वयाची अट नको. १९७२ पासून चेतकने एकेका स्कूटरवर चौघांचं कुटुंब वाहिलं. तेव्हा पुढे उभ्या असलेल्या मुलालाही मत द्यायला हरकत नाही. गॅसच्या सिलिंडरला आणि गव्हाच्या पोत्याला मात्र मत देऊ नये. ती कधीच तक्रार करत नाहीत, आणि त्यांच्या मौनावर विश्वासून आजवर बरेच शॉकअप हार्ड झालेले आहेत.

आणि शेवटी सत्तेच्या वाटपाचा प्रश्न. कडं फिरवायचा चंद्रकोरीसारखा सी-पाना बऱ्याच गाड्यांच्या हत्यारांच्या पिशवीत, सीटखाली किंवा बाजूच्या डब्यात, पहिल्या दिवसापासून पडलेला असतो. तो कोणी बाहेर काढत नाही. पुष्कळांना तो कशाचा आहे हेही ठाऊक नसतं. तो काढावा, पुसावा आणि मागे बसणाऱ्याच्या पर्समध्ये ठेवून द्यावा. गाडीची किल्ली पुढच्याकडे राहू द्या, सी-पाना मागच्याकडे. ज्या दिवशी खाच बरोबर लागेल, त्या दिवशी खडकीतला तो नेहमीचा वरवंटा येईल, गाडी चढेल, उतरेल, आणि मागून आवाज येणार नाही. आखूड 'अहो' नाही, लांब 'अहो' नाही, चापटी नाही. पुढचा दहा पावलं जाईल, अस्वस्थ होईल, गाडी कडेला घेईल आणि मान वळवून मागे कोणी आहे ना, ते आधी पाहून घेईल.